पुराच्या पाण्यातून निघालेली विजेची उपकरणं: काय वाचवायचं, काय बदलायचं

पूर ओसरल्यावर मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती 'अरे, चालू होतंय की!' या वाक्याची. दोन दिवस उन्हात ठेवलेला मिक्सर फिरतो, धुऊन-पुसून बसवलेली एमसीबी (जादा करंट आला की वीज तोडणारा छोटा स्विच) वर जाते आणि वरच राहते, टीव्हीवर चित्र उमटतं आणि माणसं सुटकेचा निःश्वास टाकतात. पण उपकरण चालू होणं ही त्याची परीक्षाच नव्हे. उद्या कधी बॉडीला करंट उतरला, वायर शॉर्ट झाली, लोड वाढला, तर त्या क्षणी ही वस्तू काय करेल, हे विचारायला हवं. मोटरी आणि पॅनेलच्या देखभालीत माझी बरीच वर्षं गेली. दुरुस्ती की बदली हा निर्णय मी किमतीच्या आधी या प्रश्नावर करतो. बिघडल्यावर आवाज करणारी, गरम होणारी किंवा बंद पडणारी वस्तू वाचवून पाहता येते. जिचा बिघाड आपल्याला कळणारच नाही, ती बदलायची.

हात लावण्याआधी

घरात किंवा कारखान्यात पाणी साचलेलं असेल आणि मेन स्विचपर्यंत त्या पाण्यातून जावं लागत असेल, तर जाऊ नका. बाहेरून, खांबावरून किंवा फीडरवरून पुरवठा तोडायला वीज पुरवणाऱ्यांना सांगा. मीटरचं सील आपण उघडायचं नाही.

मेन बंद म्हणजे सगळं बंद, असं नसतं. इन्व्हर्टर आणि जनरेटर वेगळे तोडावे लागतात. शेजाऱ्याने चुकीच्या पद्धतीने जोडलेल्या जनरेटरची वीज लाइनमधून उलटी येऊ शकते. छतावरची सौर पॅनेलं तर ऊन असेपर्यंत वीज तयार करतच राहतात, मेनशी त्यांचा काही संबंध नाही. त्यांच्या डीसी वायरी चालू लोडवर ओढून काढल्या तर ठिणगीची कमान पेटते आणि ती सहज विझत नाही. ते काम सौर यंत्रणेच्या जाणकाराचंच.

वीज नाही याची खात्री निऑन टेस्टरवर करू नका. व्होल्टमीटर किंवा दोन टोकांचा टेस्टर घ्या. आधी नक्की चालू असलेल्या जागी तपासा, मग आपल्या कामाच्या जागी, मग पुन्हा चालू जागी. तिसरी पायरी लोक गाळतात. टेस्टर मधेच बंद पडला असेल, तर तो कळतो याच पायरीत. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या आसपास चार्ज धरून असू शकतो. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमध्येही तसंच. झाकण उघडण्याआधी किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हवर लिहिलेलं असतं, तेवढं थांबाच.

पाणी कसलं होतं, कुठवर आलं, तेव्हा वीज चालू होती का

शुद्ध पाणी विजेचं वाईट वाहक आहे. पुराच्या पाण्यात मात्र क्षार, सांडपाणी, खतं, डिझेल आणि बारीक गाळ असतो. पाणी उडून जातं, बाकी सगळं मागे राहतं. क्षारांचा पातळ थर हवेतला ओलावा ओढून घेतो. म्हणून उन्हात खडखडीत वाळलेलं उपकरण कोरड्या दिवशी बरं चालतं आणि दमट हवा आली की गळती सुरू करतं. समुद्राचं पाणी शिरलं असेल तर काम आणखी अवघड होतं, कारण त्यातलं क्लोराइड तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम सगळ्यांनाच खातं. तांब्यावर हिरवट आणि ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली, की गंज कामाला लागला असं समजा.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या: बुडाली तेव्हा वस्तूला वीज होती का? असेल तर पाण्यातून करंट वाहून टर्मिनलचं तांबं अक्षरशः विरघळतं, विशेषतः डीसी असेल तर. काही तासांत स्क्रूभोवती खड्डे पडतात. वीज बंद असताना बुडालेल्या आणि चालू असताना बुडालेल्या एकसारख्या दोन पॅनेलांचं भवितव्य अगदी वेगळं असतं.

भिंतीवरची पाण्याची रेघ खडूने ठळक करून घ्या. तिच्या खाली काय काय आहे त्याची यादी करा, फोटो काढा, प्रत्येक उपकरणाच्या पाटीवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक टिपा. विमा असेल तर पाहणी होईपर्यंत काहीही फेकू नका. रेघेच्या वरचं सगळं आपोआप सुरक्षित आहे असंही समजू नका. अनेक तारांच्या वायरीत पाणी वातीसारखं वर चढतं, आणि बंद पॅनेलमध्ये वाफ वरच्या भागात जाऊन थेंब धरते.

जिथे विचार करायचाच नाही, बदलायचं

सुरक्षेची साधनं सगळ्यात आधी. एमसीबीच्या आत द्विधातूची पट्टी असते, नाजूक स्प्रिंग आणि खटका असतो, ठिणगी विझवणारी पत्र्यांची रचना असते. हे सगळं कारखान्यात अचूक जुळवून डबी बंद केलेली असते. आपण ती उघडू शकत नाही आणि धुऊही शकत नाही. एका दुकानातली पुरातून निघालेली एमसीबी मी रिव्हेट फोडून उघडली होती. बाहेरून चकचकीत होती, दोन महिने बिनतक्रार चालली होती. आत खटक्यात गाळ सुकून सिमेंटसारखा बसला होता. शॉर्ट झाला असता तर ती तुटली नसती, म्हणजे खाली पडून तिने वीज तोडली नसती, आणि वायर जळाली असती. तिथपासून बुडालेल्या एमसीबीवर मी वाद घालत नाही.

आरसीसीबीचंही, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचंही, तेच. माणसाला वाचवणारी नेहमीची आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर तुटायची असते. तेवढ्या बारीक करंटवर चालणाऱ्या यंत्रणेत गाळ चालत नाही. तिच्या टेस्ट बटणावर भिस्त ठेवू नका. बटण दाबल्यावर ती तुटते हे कळतं, पण किती करंटवर आणि किती वेळात, हे कळत नाही.

फ्यूज तर बघायला ठणठणीत वाटतो. मोठ्या क्षमतेच्या फ्यूजमध्ये बारीक वाळू भरलेली असते, ती वितळत्या तारेची ठिणगी गिळते. ती ओली झाली की ठिणगी विझेल याची खात्री उरत नाही, आणि पोर्सेलीनच्या आतली वाळू वाळली की नाही हे बघायची सोयही नाही.

याच यादीत स्विच, सॉकेट, एक्स्टेंशन बोर्ड, सर्ज अरेस्टर, धूर ओळखणारे सेन्सर, एलईडीचे ड्राइव्हर, ओव्हरलोड रिले, छोटे कोरडे ट्रान्सफॉर्मर आणि गॅसवर चालणाऱ्या गिझरचा व्हॉल्व्ह. शेवटच्या वस्तूत वीज थोडी असली तरी ती अडकली तर गॅस गळतो.

बॅटरीबद्दल थोडं जास्त बोलतो. लिथियम बॅटरी पाण्यातून निघाल्यावर शांत दिसते आणि नंतर पेटू शकते. २०२२ साली फ्लोरिडात आलेल्या इयान चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विजेवरच्या गाड्यांना आगी लागल्या, त्यातल्या काही पाणी ओसरल्यावर बऱ्याच दिवसांनी. भिजलेली लिथियम बॅटरी किंवा गाडी चार्जिंगला लावू नका, घरात किंवा पार्किंगच्या छताखाली ठेवू नका. इमारतीपासून आणि जळणाऱ्या वस्तूंपासून किमान १५ मीटर लांब, मोकळ्यावर ठेवा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. खोलीत तिखट वास आला तर आधी बाहेर पडा, बाकीचं नंतर.

मोटर: वाचवण्यासारखी वस्तू

मोटर म्हणजे मुळात तांबं, लोखंड आणि वार्निश. ती धुता येते, वाळवता येते, मोजता येते, आणि बिघडली तर आवाज करून, गरम होऊन सांगते. म्हणून मध्यम आणि मोठ्या मोटरींवर मेहनत घेणं मला पटतं. छोटी मोटर, म्हणजे पंख्यातली किंवा लहान पंपाची, एवढ्या उपद्व्यापाची क्वचितच असते. तिथे सरळ नवी घ्या किंवा रिवाइंड करा, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घ्या.

पहिलं काम घाईने करायचं. चिखल सुकण्याआधी मोटर धुवा. खारं पाणी असेल तर तिला वाळूच देऊ नका. आधी भरपूर गोडं पाणी. जोडण्यांचा फोटो काढून ठेवा, मग रोटर बाहेर काढा आणि वाइंडिंगवर, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांवर, कमी दाबाचं स्वच्छ पाणी सोडा, निथळणारं पाणी नितळ येईपर्यंत. गाडी धुण्याचा जोरदार पंप नको, तो गाळ वेटोळ्यांच्या आत ठोकून बसवतो. बेअरिंग आणि सील वाचवत बसू नका, ग्रीसमध्ये गाळ मिसळलेलाच असतो. सिंगल फेज मोटर असेल तर कपॅसिटरही नवे.

मग वाळवणं. उन्हात मोटर वरून वाळते, खाचांतला ओलावा तसाच राहतो. भट्टी किंवा गरम हवेचा पंखा हवा. तापमान हळूहळू वाढवा आणि वाइंडिंग ९० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नका. घाईने तापवलं तर अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तीच इन्सुलेशन फाडते.

वाळली की नाही हे हाताने कळत नाही, मेगरने, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने कळतं. १००० व्होल्टच्या खालच्या मोटरला ५०० व्होल्ट डीसी लावा आणि एका मिनिटाने रीडिंग घ्या. दर काही तासांनी रीडिंग कागदावर उतरवत जा. सुरुवातीला तापमान वाढेल तसं रीडिंग खाली येतं. घाबरू नका, तेव्हा ओलावा सुटत असतो. मग ते चढू लागतं आणि शेवटी एका पातळीवर थांबतं. तिथे कित्येक तास स्थिर राहिलं की वाळवणं झालं.

आता आकडा. विद्युत अभियंत्यांच्या आयट्रिपलई या संस्थेच्या ४३ क्रमांकाच्या मानकानुसार ४० अंश तापमानाला धरून, साध्या गुंफणीच्या १००० व्होल्टखालच्या वाइंडिंगसाठी किमान ५ मेगोहम हवेत. साच्यात घडवलेल्या कॉइलच्या मोठ्या मोटरींना १०० मेगोहम. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं रीडिंग अर्ध्यावर येतं, म्हणून गरम मोटरचं रीडिंग जसंच्या तसं वाचायचं नाही, ४० अंशांवर आणून तुलना करायची. मोठ्या मोटरीला दहा मिनिटांचं रीडिंग भागिले एका मिनिटाचं रीडिंग हेही काढा. आजच्या बहुतेक इन्सुलेशनला ते २ च्या वर यायला हवं. एका मिनिटाचं रीडिंगच ५००० मेगोहमच्या वर असेल तर या भागाकाराला अर्थ राहत नाही. आणि हो, मेगर लावल्यावर वाइंडिंगमध्ये चार्ज राहतो, तो जमिनीच्या वायरला जोडून काढल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नका.

वाळवूनही रीडिंग किमान पातळीखालीच अडकलं, तर आणखी एकदा धुऊन वाळवून पाहतो. दुसऱ्यांदाही तेच झालं की रिवाइंडिंग. तिसरी फेरी मी घेत नाही, तोपर्यंत गंज पुढे गेलेला असतो. पास झालेल्या मोटरीला वार्निशचा नवा हात द्या, बिनलोड चालवा, तिन्ही फेजचे करंट सारखे आहेत का बघा, बेअरिंगच्या तापमानावर तासभर लक्ष ठेवा.

पाणबुडी पंपाची मोटर तर पाण्यासाठीच बनलेली असते, तिची काळजी कमी. पण भिंतीवरचा तिचा स्टार्टर बुडाला असेल तर त्यातला कॉन्टॅक्टर, रिले, कपॅसिटर बदला. पंप चांगला आणि स्टार्टर कुजका, ही जोडी पुरानंतर नेहमी दिसते.

तापणाऱ्या वस्तू आणि मोठे पॅनेल

गिझर किंवा शेगडीच्या नळीदार एलिमेंटमध्ये तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते आणि ती ओलावा शोषते. मेगर कमी दाखवतो, पण म्हणून एलिमेंट गेलाच असं नाही. भट्टीत सावकाश तापवला तर रीडिंग परत येऊ शकतं. मात्र गिझरच्या पत्र्याआडचं फोमचं आवरण भिजलं असेल तर ते आतून कुजत राहतं, तिथे एलिमेंट वाचवून काही हाती लागत नाही.

मोठ्या स्विचबोर्डात लोखंडी कपाट आणि बसबार (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्या) स्वच्छ करून वापरता येतात. बसबारचे आधार मात्र तपासायचे, भेगा किंवा काळ्या रेघा दिसल्या तर नवे. मोठे, उघडून दुरुस्त करता येणारे पॉवर ब्रेकर बनवणाऱ्या कंपनीच्या सेवा विभागाकडून नूतनीकरण करून घेता येतात. तेलाचा ट्रान्सफॉर्मर बुडाला तर तेलाचा नमुना तपासल्याशिवाय निर्णय घेऊ नका. पाणी आत गेलं नसेल तर तो वाचतो.

वायरिंग

पाइपातून ओढलेल्या पीव्हीसी वायरी थोडा वेळ गोड्या पाण्यात राहिल्या आणि टोकं पाण्याच्या वर होती, तर बहुधा वाचतात. टोकं किंवा जोड बुडाले असतील तर पाणी तारांतून आत चढलेलं असतं. टोक सोलून बघा. तांबं काळवंडलेलं असेल तर चमकदार तांबं लागेपर्यंत कापत जा. कापून वायर पुरेना, तर ती वायर बदलण्याची वेळ आलीच. आत कागद किंवा सुताचं भरण असलेली केबल भिजली तर बदला, ती ओलावा सोडत नाही. पाइपात गाळ साचला असेल तर नवी वायर घालण्याआधी पाइप धुऊन घ्या.

मग प्रत्येक सर्किट वेगळं तपासा. मेगर लावण्याआधी सगळी उपकरणं, एलईडी, सर्ज अरेस्टर काढून ठेवा, ५०० व्होल्टने ते जळतात. घरगुती सर्किटसाठी आंतरराष्ट्रीय नियम किमान १ मेगोहम मागतो. माझं स्वतःचं मत असं, की पूर येऊन गेलेल्या घरात जेमतेम १ मेगोहम आलेल्या सर्किटवर समाधान मानू नये. शेजारचं कोरडं सर्किट शंभराच्या वर दाखवत असेल आणि हे दोनवर, तर कुठेतरी ओलावा आहे. शोधा.

घरातल्या वस्तू, भराभर

फ्रिजचा कॉम्प्रेसर सीलबंद असतो, म्हणून 'फ्रिज वाचला' असं वाटतं. पण भिंतींमधला फोम भिजला की वाळत नाही, आणि सांडपाण्याचं पाणी जिथे मुरलं तिथे अन्न ठेवणं मला मान्य नाही. कंट्रोल बोर्ड वर असलेलं वॉशिंग मशीन फक्त तळाशी भिजलं असेल तर मोटर आणि जोडण्या तपासून वाचवता येतं. मिक्सर आणि हातातली ड्रिल उघडून धुऊन वाळवता येतात, पण कार्बन ब्रश आणि स्विच नवे हवेत. एसीचं बाहेरचं युनिट बुडालं तर त्यातला बोर्ड आणि पंख्याची मोटर बघा, बाकी ते पावसासाठीच बनलेलं असतं. आयपी ६७ लिहिलेल्या वस्तूवर फार विसंबू नका. तो दर्जा स्वच्छ पाण्यात एक मीटर खोल, तीस मिनिटांसाठीचा आहे. गाळाच्या पाण्यात दोन दिवस राहिलेल्या वस्तूला तो लागू नाही.

संगणक बहुतेकदा जातो, पण त्यातली माहिती वाचू शकते. हार्ड डिस्क चालू करून बघू नका आणि ओव्हनमध्ये वाळवूही नका. ओली असतानाच पिशवीत बंद करून माहिती काढणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या. आत चिखल सुकला की वाचक टोक चकतीवर ओरखडे पाडतं.

यंत्राचा कंट्रोल बोर्ड भिजला आणि नवा मिळायला काही आठवडे लागणार असतील, तर जुना डिस्टिल्ड पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून तात्पुरता चालवता येतो. नव्या बोर्डाची ऑर्डर मात्र त्याच दिवशी द्या. धुतलेला बोर्ड चिपांच्या पायांखालच्या गंजाने कधी जाईल ते आधी दिसत नाही. माणसाच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या यंत्रावर, लिफ्टवर, प्रेसवर, हा तात्पुरता उपायही नको.

हिशोब

सुरक्षेच्या चाळणीतून उरलेल्या वस्तूंपुरताच पैशाचा विचार. दुरुस्तीच्या खर्चात धुणं, वाळवणं, सुटे भाग, चाचणी, वाहतूक आणि काम बंद राहिल्याचं नुकसान हे सगळं धरा. बेरीज नव्या वस्तूच्या निम्म्यावर गेली आणि वस्तूचं अर्धं आयुष्य आधीच सरलं असेल, तर मी नवी घ्यायला सांगतो. नवी मिळायला फार वेळ लागणार असेल, तर हाच हिशोब उलटतो. दुरुस्ती करणाऱ्याकडून मेगरची रीडिंगं तारीख आणि तापमानासकट लिहून घ्या. आकडे द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडे मोटर देऊ नका.

बदलायचंच असेल तर जागाही बदला. नवं पॅनेल, सॉकेट, इन्व्हर्टर भिंतीवरच्या त्या खडूच्या रेघेच्या वर.

वीज परत देताना

आधी अर्थिंग. पुराने अर्थच्या खड्ड्यातली माती वाहून नेलेली असते, पट्टीचा जोड गंजलेला असतो. जोड घासून कसा आणि अर्थचा रोध मोजा. मग सगळे ब्रेकर खाली ठेवून मेन चालू करा आणि एकेक सर्किट वर घ्या, प्रत्येक वेळी थोडं थांबून. नव्या आरसीसीबीची चाचणी मीटर लावून करून घ्या: ३० मिलिअँपिअरची साधी आरसीसीबी तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटली पाहिजे.

पहिला आठवडा रोज, लोड चालू असताना, जोडण्यांची पेटी तापते का ते बघा. जळका किंवा मासळीसारखा वास आला तर तापलेल्या प्लास्टिकचा असू शकतो, सर्किट बंद करा. एका महिन्याने आणि पहिल्या दमट ऋतूत मेगर पुन्हा लावा. क्षार राहिले असतील तर तेव्हाच्या रीडिंगमध्ये ते दिसतील.

काढून टाकलेल्या एमसीबी, फ्यूज, सॉकेट भंगारात देण्याआधी त्यांची टर्मिनलं हातोडीने फोडा आणि प्लगची वायर कापून टाका. पुसून चकचकीत केलेली बुडालेली एमसीबी दुसऱ्या कुणाच्या तरी पेटीत जाऊन बसलेली मी पाहिली आहे.